नऊ बावन्नचा चंद्र

मुशैरिब, दोहा
२२ जून २०१८

मामा, नमस्कार.

सुट्टीला गेलेली माणसं दिवसभर नक्की करतात काय? गेले दोन महिने हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे आणि खरं सांगायचं तर त्याचं उत्तर मला येत नाही. आपल्या घरात सुट्टी घेतलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. बाबा एकदा आजारी पडून चार दिवस घरी होते, तेव्हाही ते छपराचे पत्रे बदलत होते. तुम्ही दोन वर्षांतून एकदा आटपाडीला येता आणि तुमचा महिना लोकांची लग्नं, विहिरीची मोटर आणि दाढदुखी यांतच जातो. तरीही चारुलता मॅडम म्हणाल्या, “दुर्गा, तू भूगोलाची पदवीधर आहेस. उत्तरेकडच्या तळ्यांच्या प्रदेशात उन्हाळी सुट्टी कशी घालवावी, याच्या काही कल्पना लिही.” मी लिहिल्या. सोळा पानं झाली.

उद्या पहाटे तुम्ही संजीवसाहेब, नीताताई आणि इतर चार मराठी कुटुंबांबरोबर स्वयंपाकाला म्हणून फिनलंडला निघणार. आज भेट होणं शक्य नाही, म्हणून हे पत्र कार्यक्रमपत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवते आहे. तुम्ही आठ वर्षं साहेबांच्या गाडीवर आहात, तुमच्या शब्दाखातर त्यांनी मॅडमकडे माझं नाव काढलं आणि मी मॅडमच्या ट्रॅव्हल ऑफिसात आले, हे मी विसरलेले नाही.

कार्यक्रम मी फार विचार करून आखला आहे. रोज सकाळी सहा ते आठ तळ्याकाठी मौन. मुद्दाम टीव्ही नसलेली आणि फोनला रेंज नसलेली लाकडी घरं निवडली, म्हणजे माणसं एकमेकांकडे पाहतील. संध्याकाळी हिमनद्यांनी ही तळी कशी कोरली, याचं सामूहिक वाचन (पान नऊ ते बारा). बायकांचे उपासही विसरले नाही. घरून आणलेल्या दिनदर्शिकेत पाहून ठळक छापलं आहे: रविवार, १ जुलै, संकष्टी, चंद्रोदय रात्री नऊ बावन्न.

गठ्ठ्यात अभिप्रायाचे पाच कागद आहेत. ते प्रत्येक घराकडून भरून घ्या. मराठीत छापले आहेत, कारण मनातलं माणूस आपल्याच भाषेत लिहितो, असं मला वाटतं. माझे कामावरचे तीन महिने १५ जुलैला संपतात. मॅडमनी स्पष्ट सांगितलं आहे की पाचही अभिप्राय चांगले आले तर मी कायम, नाहीतर परतीचं तिकीट. मी हात हलवत परत गेले, तर बाबा धाकट्या रत्नप्रभाला कॉलेजात घालणार नाहीत. ती बारावी झाली आहे. “एकीला शिकवून काय मिळालं” हे वाक्य त्यांच्या तोंडात तयारच आहे. तेवढं लक्षात असू द्या.

तुमची,
दुर्गा

*

तळ्याकाठी
२७ जून

दुर्गे, आशीर्वाद.

माझा फोन इथं चालत न्हाय, म्हणून कागदावर लिहून साहेबांच्या फोनातनं फोटो धाडतोय. फोटोपुरता फोन मागता येतो, बोलत बसायला मागणं बरं दिसत न्हाय.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. पाणी बघावं तिकडं पाणी. आपल्याकडं टँकर आला की घागरी घेऊन पळतात, आन् इथं एवढं पाणी नुसतं पडून हाय, कुणी बघत न्हाय. पलीकडच्या काठाला एक दुकान हाय. तिथं रेंज हाय आन् टीव्हीबी हाय. फुटबॉलचा वर्ल्ड कप चालू हाय, हे तुझ्या ध्यानात राहिलं न्हाय बहुतेक. साहेब लुसैलच्या स्टेडियमवर इंजिनियर, बाकीचेबी त्याच लाईनीतले. चार वर्षांनी आपल्या दोह्यात वर्ल्ड कप, म्हणून बघणं हे त्यांचं कामच हाय म्हणतात. त्यामुळं रोज पाचला आन् नऊला पुरुष मंडळी नावेत बसतात आन् साहेब म्हणतात, “यल्ला धोंडीराम, चल.” नाव मी वल्हवतो. पहिल्या दिवशी जाग्यावर गोल फिरलो. आता सरळ जाते.

इथं अंघोळीला लाकडाची एक खोली हाय. ती भट्टीगत तापवायची आन् आत बसून घाम काढायचा. साहेब दोन मिनिटांत बाहेर आले आन् म्हणाले, “घाम काढायलाच बसायचं होतं तर जूनमध्ये दोहा सोडून आलो कशाला?” सगळे हसले.

तुझी आठवण रोज निघते. पहिली सकाळी सहाला, मौनाच्या टायमाला. मग जेवताना. संडास घरापासून लांब झाडीत हाय आन् डास मोठे हायत, तिकडं जाताना तर परत्येक जण तुझं नाव घेतो. पोरं इंग्लिशमधून आठवण काढतात, मला सगळं कळत न्हाय. पण जोरात काढतात.

काळजी करू नको.

धोंडीराममामा

*

दोहा
२८ जून

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. ‘तुझी आठवण रोज निघते’ हे वाक्य मी आईला फोनवर वाचून दाखवलं, आईने ते बाबांना दाखवायला रत्नप्रभाकडून वहीत उतरवून घेतलं. अनोळखी माणसांनी, तेही पुण्या-नाशिकच्या शिकलेल्या माणसांनी, सकाळी सहाला माझं नाव घ्यावं, याहून मोठी पावती कोणती?

पुरुषांना नावेचा छंद लागला, हे फार बरं झालं. मी तो कार्यक्रमात घालायचं विसरले होते. मात्र वल्ही त्यांनाही मारू द्या, व्यायाम होईल. टीव्हीचं थोडं वाईट वाटलं. पण माणसं पाणी ओलांडून टीव्ही बघायला जातात, म्हणजे पाणी तरी ओलांडतात.

सगळे इतके रमले आहेत, म्हणून मी दुसऱ्या आठवड्यासाठी काही भर घातली आहे. मौन दोन तासांऐवजी तीन तास. रोज रात्री जेवणानंतर प्रत्येकाने आज आपण निसर्गाकडून काय शिकलो, हे पाच वाक्यांत सांगायचं. लहान मुलांना तीन वाक्यं चालतील. सोबत पाठवलेला कागद भिंतीला लावा.

इथे ऑफिससमोर दिवसभर क्रेन फिरत असतात आणि पारा पंचेचाळीसच्या खाली येत नाही. मॅडम म्हणतात, “चार वर्षांनी सगळं जग इथे येणार. तोवर आपली माणसं आपण जगभर पाठवू.” ऑगस्टमध्ये बारा कुटुंबांचा गट तिकडेच न्यायचा त्यांचा विचार आहे. त्यांना मी तुमच्या पत्रातली आठवणीची ओळ सांगितली. त्या म्हणाल्या, “बघू अभिप्राय.”

दुर्गा

*

तळ्याकाठी
३० जून

दुर्गे, आशीर्वाद.

घाईत लिहितोय, मॅच सुरू व्हायला आलीय. तुझा नवा कागद साहेबांच्या फोनवर आला, दुकानदारानं छापून दिला. भिंतीला लावायला खिळा मिळत न्हाय. शोधतोय.

एक सहज विचारतो. इथं सूर्य कधी मावळतो, ते तुझ्या भूगोलात हाय का? काल रात्री दहाला मी बाहेर बसून उद्याच्या मोदकाचे तांदूळ निवडले, दिवा लागला न्हाय. खडान् खडा दिसत होता. तुझा पयला कागद बायकांनी चुलीच्या वर लावलाय, संकष्टीच्या ओळीला कुंकू लावून. शैलजाताई म्हणून मोठ्या हायत, सत्तरीच्या, त्या पाण्याचा थेंबबी घेत न्हायत चंद्र बघितल्याशिवाय. म्हणून आपलं विचारलं. काय असलं तर उद्या पाचच्या आत कळव.

मामा

*

दोहा
१ जुलै

मामा, नमस्कार.

तुमचा प्रश्न वाचून मला किती आनंद झाला म्हणून सांगू. सातवीनंतर शाळा सुटलेला माणूस तळ्याकाठी तांदूळ निवडताना सूर्याबद्दल विचार करतो, यासाठीच तर प्रवास असतो.

आपली पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कललेली आहे. जूनमध्ये तिचं उत्तरेकडचं टोक सूर्याकडे झुकतं. त्यामुळे जितकं उत्तरेला जावं, तितका दिवस मोठा होतो. तुम्ही आहात तिथे सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो आणि चारच्या आत पुन्हा उगवतो, मधल्या वेळातही पुरता अंधार होत नाही. सोबत आकृती काढली आहे. जिथे रेघा मारल्या आहेत ती रात्र. थोडक्यात, आकाशातल्या गोष्टींची एका गावाची वेळ दुसऱ्या गावाला लागू पडत नाही. भूगोलाचा हा अगदी पहिला धडा आहे आणि तो तुम्हाला प्रत्यक्ष बघायला मिळतो आहे. जमलं तर आज जेवणानंतर सगळ्यांना समजावून सांगा.

आज संकष्टी. बायकांना माझ्या वतीने आठवण करा, चंद्रोदय नऊ बावन्न.

दुर्गा

*

२ जुलै

दुर्गा,

तुझी कार्यक्रमपत्रिका अत्यंत अभ्यासपूर्ण आहे. हिमनद्यांची चार पानं मी स्वतः वाचली, कारण इथे वाचायला दुसरं काही नाही.

काल रात्री नऊ बावन्नला आम्ही पाच बायका निरांजन, दूर्वा आणि एकवीस मोदक घेऊन धक्क्यावर उभ्या होतो. समोर सूर्य होता. चांगला वर होता. शैलजाताईंनी गॉगल लावला होता. ती वेळ मुंबईची आहे, हे समजायला आम्हाला भूगोलाची पदवी लागली नाही, फक्त भूक लागली.

बाकीचं दोह्याला आल्यावर चारुलताशी बोलेन.

नीता

ता. क. अभिप्रायाचे कागद धोंडीरामने कालच पुढे केले होते. आम्ही म्हटलं, घरी गेल्यावर भरू. कागदावर जागा कमी आहे.

*

दोहा
३ जुलै

मामा,

नीताताईंचं पत्र आलं. मी ते वाचून ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. आमच्या वर्गात अक्षवृत्त-रेखावृत्त मी फळ्यावर समजावून सांगायचे. माझ्याच हाताने मी तुम्हाला लिहिलं की एका गावाची वेळ दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि त्याच्याच खाली मुंबईचा चंद्र फिनलंडला पाठवला. तुम्ही मला आदल्या दिवशी विचारत होता, तेव्हा तुम्हाला सूर्याचं कुतूहल नव्हतं, तुम्ही मला सावध करत होता. आणि मी तुम्हाला आकृती पाठवली.

आता तुमची जुनी पत्रं पुन्हा वाचली. सकाळी सहाला माझी आठवण का निघते, संडासच्या वाटेवर माझं नाव का घेतात, हे कळलं. आईने ते वाक्य आता शेजारच्या तानूबाईंनाही दाखवलं आहे.

मामा, माझं मन राखू नका. काय काय झालं ते सगळं खरं लिहा. नवा कागद भिंतीला लावू नका.

दुर्गा

*

दुकान, पलीकडचा काठ
४ जुलै

दुर्गे,

नवा कागद मी लावलाच न्हवता. खिळे डब्बाभर होते. त्या कागदावर मी पुरणपोळ्या काढून ठेवल्या.

आता खरं ऐक. पयल्या दिवशी मौनाला सगळे बसले. वीस मिनिटं. मग एकाला शिंक आली, पोरं हसली, साहेब डोळे मिटून बसल्या-बसल्या झोपले आन् घोरायला लागले, तेवढाच काय तो तळ्यावर आवाज. दुसऱ्या दिवसापासनं सहाला हाक मारली की पांघरुणातनंच तुझं नाव घेतात आन् परत झोपतात. हिमनदीचं वाचन सुरू केलं तर पोरं म्हणाली, “बोअरिंग.” बायका म्हणाल्या, आम्ही घरी स्वयंपाक करतो, इथं धोंडीराम करतो, मग आम्ही करायचं काय. तिसऱ्या दिवसापासनं त्या माझ्या मागं उभ्या राहून माझ्या पोळ्यांना नावं ठेवत्यात.

आता संकष्टीचं. नऊला मी पुरुषांना मॅचला सोडून परत आलो, मोदक गरम ठेवायचे होते. बायका नटून धक्क्यावर. नऊ बावन्न झाले, दहा झाले, ऊन तसंच. शैलजाताईंनी गॉगल काढला आन् विचारलं, “ही वेळ कुठली?” नीताताईंनी कागद परत वाचला आन् म्हणाल्या, “दादरची असावी.” मग चार बायका म्हणाल्या, आपण मुंबईचा चंद्र मानू आन् उपास सोडू. शैलजाताई म्हणाल्या, “तुम्ही सोडा. मी सत्तावन्न वर्षं बघून सोडलाय.” मग कोण सोडतंय. सगळ्या बसल्या, उपाशी.

तिकडं मॅच लांबली, पेनल्टीपर्यंत गेली. संपल्यावर पुरुष काठावर येऊन हाका मारायला लागले, नाव धाड म्हणून. नीताताई म्हणाल्या, “धोंडीराम, वल्ह्याला हात लावायचा नाही. आम्ही जेवल्याशिवाय कुणी जेवणार नाही.” तळ्याच्या अल्याड बायका उपाशी, पल्याड पुरुष उपाशी, मधी नाव, नावेत मी आन् मोदक.

साडेबारा झाले. अजून संध्याकाळ झाल्यागत उजेड. आमच्या बाजूला झाडी दाट हाय, आकाश खालपर्यंत दिसत न्हाय. एकदम पलीकडनं साहेब ओरडले, “उगवला, उगवला.” बायका म्हणाल्या, काय उगवत न्हाय, यांना भूक लागलीय. साहेब म्हणाले, गणपतीची शप्पथ. नीताताई म्हणाल्या, “तुम्ही लग्नातबी शप्पथ घेतली होती.” मग शैलजाताई म्हणाल्या, “धोंडीराम, तू जाऊन बघून ये. तुझ्यावर माझा भरवसा आहे.” मी अर्धं तळं वल्हवत गेलो. झाडाच्या शेंड्यांवर होता, फिका, ताकाच्या रंगाचा. मी तिथंच हात जोडले आन् परत येऊन सांगितलं, आहे. शैलजाताई म्हणाल्या, सांगून चालणार न्हाय. मग त्यांना नावेत बसवलं, मागनं बाकीच्या चौघी चढल्या, निरांजनासकट. तळ्याच्या मधोमध त्यांनी चंद्राला ओवाळलं. मी मोदक वाटले. पलीकडनं पुरुष बघत हुते. सगळ्या सफरीत तेवढाच वेळ खरं मौन झालं.

मग नाव तशीच पलीकडं गेली आन् उरलेले मोदक त्यांना दिले. आज मॅच न्हाय तरी सगळे, बायकासुद्धा, दुकानात आल्यात. आईस्क्रीम खात्यात. पण तुझ्यावरचा राग गेलाय असं समजू नको. नीताताईंनी मॅडमला काय काय सांगायचं त्याची यादी केलीय.

म्हणून मी एक काम केलंय. अभिप्रायाचे पाचही कागद मीच भरले. पाच परकारचं अक्षर काढलं, डाव्या हातानंबी एक. सगळीकडं ‘अतिशय उत्तम’ लिहिलंय. फोटो सोबत हायत, मॅडमला आजच दे, मंडळी परतायच्या आत. रत्नीच्या कॉलेजचा परश्न हाय. पाप लागलं तर मला लागू दे.

आन् एक सांगायचं राहिलं. तुझ्या मौनाला पयल्या दिवसापासनं एक माणूस रोज बसतो. सहा ते आठ सगळे झोपलेले असतात. मी कणीक मळून ठेवतो आन् काठावर जाऊन बसतो. पयल्यांदा हात कुठं ठेवावं कळंना. एवढी वर्षं हातात स्टेअरिंग हाय न्हायतर लाटणं. तिसऱ्या दिवशी कळलं, मांडीवर ठेवायचे. नंतर पाणी बघत बसलो. काय शिकलो म्हणशील तर काय न्हाय शिकलो. पाच वाक्यं हुणार न्हायत. पण बरं वाटलं.

मामा

*

मुशैरिब, दोहा
६ जुलै

मामा, नमस्कार.

हे पत्र तुम्ही आज पाचच्या मॅचला गेलात की साहेबांच्या फोनवर येईल. त्यांनी वाचलं तरी चालेल.

तुम्ही भरलेले पाच अभिप्राय मी छापून समोर ठेवले. अक्षरं खरोखर पाच प्रकारची आहेत, डाव्या हाताचं तर तुमच्या उजव्या हातापेक्षा बरं आहे. पण पाचही जणांनी ‘भाकरी विशेष आवडली, धोंडीराम कष्टाळू माणूस आहे’ असं लिहिलेलं आहे. मामा, हे मॅडमना पहिल्याच कागदावर कळलं असतं. कळलं नसतं, तरी मला ते देता आले नसते. पुढच्या महिन्यात बारा कुटुंबं त्या कागदांच्या भरवशावर जातील, आणि त्यांतही कुणी सत्तरीच्या बाई असतील. ते पाचही मी फाडले.

रात्री बसून सोळा पानांची दोन पानं केली. हिमनद्या गेल्या. घाम काढायची खोली दोह्याच्या लोकांनी टाळली तरी चालेल, असं लिहिलं. वर्ल्ड कप चालू असताना दुकानाजवळचंच घर घ्यावं, असंही लिहिलं. सकाळी सहा ते आठ या वेळेपुढे मी काहीच लिहिलं नाही, ती जागा मोकळी सोडली आहे. कुणाला बसायचं असेल तर तो बसेल.

पाच बायकांना मी वेगवेगळी पत्रं लिहून माफी मागितली. शैलजाताईंना जास्त मागितली.

आज शुक्रवार, ऑफिस बंद. पण मॅडम दहाला हिशेबांच्या कागदांवर सह्या करायला येतात, हे मला माहीत होतं. दहाला मी त्यांच्या टेबलावर तीन गोष्टी ठेवल्या. नीताताईंचं पत्र. चंद्रोदयाची चूक माझी एकटीची आहे, असं सही करून लिहिलेला कागद. आणि तुमचं ४ तारखेचं पत्र. त्याच्यावर मी लिहिलं, ‘अभिप्राय सहावा, प्रवासी धोंडीराम.’ स्वयंपाकी म्हणून तुमचं नाव यादीत तळाशी होतं, तिथून ते काढून वर प्रवाशांत घातलं. तुम्हाला न विचारता दिलं, त्याबद्दल रागवा. साहेबांच्या घोरण्याची ओळ तेवढी काळ्या शाईने झाकली आहे. खोटे कागद भरल्याची ओळ मात्र तशीच ठेवली, कारण ती झाकली तर माझ्यात आणि त्या कागदांत फरक काय राहिला? मॅडमनी काही विचारलं तर सगळं माझ्यासाठी केलंत, एवढंच सांगा.

त्या अजून आत आहेत, दार लावून. मधे एकदा त्यांनी फोन केला आणि कुणाला तरी “अगं, ताकाच्या रंगाचा” असं म्हणताना ऐकलं. त्याचा अर्थ काय लावायचा, मला समजत नाही. मी कायम होईन की नाही, हे त्या १५ तारखेलाच सांगणार.

पण रत्नप्रभाचं शिक्षण १५ तारखेवर आणि एका चंद्रावर टांगून ठेवणं मला पटेना. म्हणून मॅडमकडे जाण्याच्या आधी, नऊ वाजता, मी इथूनच तिचा कॉलेजचा अर्ज ऑनलाइन भरून पाठवला. बाबांना आज संध्याकाळी फोन करून सांगणार आहे. पालक म्हणून तुमचं नाव आणि तुमचा इथला नंबर दिला आहे. सव्वानऊला पोच आली.

दुर्गा